इंजिन उघडेपर्यंत हॅंडल माह्याजवळ

लॉरी साखळीने ओढली जात माझ्या गॅरेजसमोर आली तेव्हा तिचा ड्रायव्हर स्टिअरिंग धरून बसला होता आणि तिच्या मालकीणबाई दारात उभ्या होत्या. लॉरी थांबली. बाई पुढे गेल्या, ड्रायव्हरला खाली उतरवलं, त्याच्या सीटखालचं हॅंडल ओढून काढलं आणि पदराखाली धरलं.

ही गोष्ट पन्नास सालानंतरच्या पहिल्या चार-पाच वर्षांतली. चांद्याला माझं गॅरेज होतं. लढाईनंतर लष्कराच्या जुन्या लॉऱ्या लिलावात निघाल्या होत्या आणि त्यातल्या बऱ्याच आमच्याकडे सागवान ओढायला आल्या होत्या. त्यांना बटण दाबून चालू करायचा सेल्फ असायचा, पण जंगलात चालणाऱ्या लॉरीची बॅटरी धड असलेली मी काही पाहिली नाही. पुढून हॅंडल मारूनच इंजिन चालू व्हायचं. हॅंडल ड्रायव्हरचं, हा त्या लाइनीतला कायदा. त्याला क्लीनर हात लावत नसे आणि मालकही लावत नसे. हॅंडल काढून घेतलं म्हणजे नोकरीवरून काढलं, बोलायची गरज नाही.

“भाऊ,” बाई मला म्हणाल्या, “यानं माह्यं ऑइल इकलं आन सुकं इंजिन पळवलं. जाळून आणलं पाहा.”

“सुकं नोहतं, बाई,” ड्रायव्हर म्हणाला.

“मंग जळलं कसं?”

तो जमिनीकडे बघत उभा राहिला.

बाईंचे यजमान हिवतापाने गेले तेव्हा सगळ्या गावाने त्यांना लॉरी विकायचा सल्ला दिला होता. बाईंनी विकली नाही. जाताना मीठ आणि धान्य, येताना लाकूड, असा भामरागडच्या वाटेचा धंदा त्यांनी नऊवारीचा काष्टा घट्ट करून चालवला. त्यांच्या भरवशाचं माणूस एकच, हा ड्रायव्हर. तो यजमानांच्या वेळेपासूनचा. म्हणून त्यांना राग आला होता त्यापेक्षा जास्त लागलं होतं. ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

“इंजिन उघडेपर्यंत हॅंडल माह्याजवळ,” त्या म्हणाल्या. “आतून याची चोरी निघाली तं यानं दुसरी लॉरी पाहावी.”

माझा स्वभाव असा, की गाडीबद्दल मी माणसाचं ऐकत नाही. मालक एक सांगतो, ड्रायव्हर दुसरं सांगतो आणि क्लीनर दोघांचं मीठमसाला लावून सांगतो. लोखंड एकदाच सांगतं आणि बदलत नाही. हे ज्ञान मी लढाईच्या काळात लष्करी वर्कशॉपमध्ये शिव्या खाऊन मिळवलं होतं, त्यामुळे त्याची मला घमेंड होती. आजही आहे.

“बाई,” मी म्हणालो, “तुमचं आयकलं, याचंही आयकलं. आता इंजिनले इचारू द्या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन उघडायला घेतलं. पौषातली थंडी होती. बाई शाल गुंडाळून स्टुलावर बसल्या, हॅंडल मांडीवर. ड्रायव्हर दाराजवळ उकिडवा बसला. मी लॉरीखाली शिरलो, चेंबरचा बूच काढला आणि खाली घमेलं धरलं. चेंबर म्हणजे इंजिनाच्या बुडाशी असलेली ऑइलची परात. बूच काढला की ऑइल धो धो यायला पाहिजे. एक थेंबही आला नाही.

“पाह्यलं?” बाई म्हणाल्या. “सुकं ठणठणीत.”

ड्रायव्हरने मान आणखी खाली घातली. मला त्याचा राग आला. माणसाने चोरी करावी किंवा न करावी, पण समोर बसून दोन्ही कबूल करू नये.

मग मी चेंबरचे नट सोडले आणि चेंबर छातीवर घेऊन बाहेर सरकलो. सरकता सरकता थांबलो. रिकामा चेंबर किती वजनाचा असतो ते माझ्या छातीला ठाऊक होतं. हा रिकामा नव्हता. उजेडात धरून पाहिलं तर आत चार बोटं जाडीचा थर होता, काळपट पिवळा, थिजलेल्या तुपासारखा. बोट दाबलं तर खड्डा पडला आणि खड्डा तसाच राहिला.

चेंबर अंगणात उन्हात नेऊन ठेवला आणि वरच्या कामाला लागलो. कनेक्टिंग रॉड सोडले. तिसऱ्या रॉडचं बेअरिंग वितळलं होतं. त्याच्या पांढऱ्या धातूचा लगदा होऊन बाजूला आला होता. ऑइल न पोचल्याची ही खूण लहान पोरालाही कळते. ऑइल नेणारी नळी फुंकून पाहिली तर बंद. तारेने टोकरली तेव्हा आतून त्याच पिवळ्या थराची वात निघाली, शेवईसारखी. म्हणजे चेंबर भरलेला आणि बेअरिंग मात्र उपाशी. दोघंही खरं सांगत होते म्हणायचं, आणि हेच मला पटत नव्हतं.

ऊन वर आलं तसं अंगणातून वास यायला लागला. बाई मध्येच उठल्या, चेंबरजवळ गेल्या, वाकल्या. थर आता पातळ होऊन डुलत होता. त्यांनी बोट बुडवून नाकाशी नेलं.

“हे तं टोरीचं तेल,” त्या म्हणाल्या.

टोरी म्हणजे मोहाची बी. जंगलातली माणसं ती दोन फळ्यांत दाबून तेल काढतात. तेच खातात, तेच दिव्यात घालतात, तेच अंगाला लावतात. आमच्याकडे त्यात पुऱ्या तळतात आणि पहिल्या घासाला थोड्या कडवट लागतात. उन्हाळ्यात ते पाण्यासारखं असतं. थंडीत मडक्यात गोठतं, चमच्याने खरवडून घ्यावं लागतं.

मी ड्रायव्हरकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते.

बाई हुशार बाई. त्यांनी क्षणात दुसरा हिशेब मांडला. “म्हणजे असं. माह्यं ऑइल इकलं आन त्याच्या जागी हे ओतलं. आता तं चोरी पक्की.”

तर्क बिनतोड होता आणि ड्रायव्हर त्यालाही उत्तर देईना. मी म्हणालो, “बाई, अजून निम्मं इंजिन बोलायचं हाय.” खरं सांगायचं तर त्या वेळी मला पुढचं काही दिसत नव्हतं. पण माझ्या गॅरेजमध्ये घाईने फाशी देता येत नाही, आणि चोर सोडून संन्याशाला सुळी तर मुळीच नाही. आधी सगळे पार्ट धुऊन उन्हात मांडायचे, मग निवाडा.

पुढचे काही दिवस मी तेच केलं. ताडपत्री अंथरली. जे चालेल ते उजवीकडे, भंगार डावीकडे आणि ज्याचा विचार करायचा ते मध्ये. पिस्टन घासलेटमध्ये भिजत घातले. त्यांच्या रिंगा तेल करपून खाचांत चिकटल्या होत्या, त्या सगळ्या डावीकडे गेल्या. पिस्टन मात्र धुतल्यावर नखाने टिचकी मारून पाहिले, चारी बाजूंनी निरखले आणि उजवीकडे ठेवले. व्हॉल्व्ह जागेवर बसवून वर घासलेट ओतलं, कुठून झिरपतं ते पाहिलं. दोन झिरपले, ते मध्ये. बाई रोज येत, हॅंडल मांडीवर घेऊन बसत आणि मी एकेक वस्तू डोळ्यांशी नेऊन फिरवताना बघत.

“भाऊ, लेकीसाठी स्थळं पाहून राह्यले का?” एकदा त्यांनी विचारलं.

“स्थळ वाईट निघालं तं मुलगी घरी परत येते,” मी म्हणालो. “वाईट पिस्टन भामरागडच्या रानात राहते.”

इंजिनाच्या पोटात, आतल्या भिंतींवर, त्या तेलाचा एक सोनेरी थर बसला होता. लाखेचा हात फिरवल्यासारखा. घासलेटने तो निघेना, सोड्याने निघेना. मी खरवडायला लागलो. स्वच्छतेच्या बाबतीत मी तेव्हा सोवळ्यातल्या भटजींपेक्षा कडक होतो. शेवटी बाईच म्हणाल्या, “त्यानं काई नुकसान आहे का?” नव्हतं. रॉड तिथे पोचत नाही, थर सुटून खाली पडणारा नव्हता. “मंग राहू द्या ना,” त्या म्हणाल्या. मी चडफडत तो तसाच सोडला.

चेंबर धुवायची पाळी शेवटी आली, कारण त्याच्या बुडाला बाहेरून चिखल आणि ऑइल यांचं दोन बोटं जाड कवच होतं. ते छिन्नीने फोडलं. आणि मी हातातली छिन्नी खाली ठेवली.

चेंबरच्या बुडाला भोक होतं, सुपारीएवढं. त्यात लाकडाची खुंटी ठोकलेली होती, कडेने राळ वितळवून भरलेली. काम इतकं चोख, की एवढ्या वाटेने येऊनही ती हलली नव्हती. मी चेंबर उलटा करून भोकाच्या कडा पाहिल्या. पत्रा आत वळला होता. खालून काहीतरी घुसलं होतं.

मी बाईंना हाक मारली, त्यांचं बोट धरून त्या आत वळलेल्या कडेवरून फिरवलं. “बाई, तुमचं ऑइल कोणी इकलं नाई. हे पाहा, हे इथून गेलं. खालून खुंट लागला असन.”

बाईंनी बराच वेळ खुंटीला हात लावून पाहिलं. मग ड्रायव्हरकडे वळल्या. आवाज चढला नव्हता, पण मला त्याची भीती वाटली.

“म्या तुले सगळ्या गावासमोर चोर म्हटलं. तू काऊन नाई बोलला?”

आता तो बोलला. “चोर म्हणा, बाई. येडा नोका म्हणू.”

मला हसू आलं आणि लगेच गेलं, कारण मला त्याचं म्हणणं पूर्ण कळलं. ड्रायव्हर लोकांत ऑइल विकणारे पुष्कळ होते. त्यांना दुसरा मालक मिळायचा आणि लोक सालभरात विसरायचे. पण मूर्खपणाचं नाव जन्मभर चिकटायचं. एकजण टाकीचं झाकण न लावता आष्टीपर्यंत गेला होता, त्याला ‘बिनझाकण्या’ म्हणत आणि त्याच्या पोरालाही तेच म्हणत. इंजिनात पुऱ्यांचं तेल ओतणाऱ्याला काय म्हटलं असतं, ते मी वेगळं सांगायला नको. आणि अशा गोष्टींवर सगळ्यात मोठ्याने हसणारा मिस्त्री कोण, तर मी. त्याने माझ्या दारात बसून तोंड शिवून घेतलं यात नवल नव्हतं.

मग त्याने सगळं सांगितलं. भामरागडच्या अलीकडे, नुकत्याच तोडलेल्या सागाचा खुंट गवतात लपला होता. चेंबर त्यावर बसला आणि ऑइल वाटेत सांडून गेलं. जवळच माडिया आदिवासींचं एक छोटं गाव होतं. तिथल्या एका माणसाने धावड्याच्या लाकडाची खुंटी तासून दिली, राळ लावून ठोकून दिली. पण ऑइल कुठून आणणार? लॉरीत मीठ होतं आणि पुढच्या गावांचा बाजार ठरलेला होता. तेव्हा तिथल्या बाया घरात गेल्या आणि आपापलं टोरीचं तेल घेऊन आल्या. कुणाचं मडकं, कुणाचा भोपळा. दिवसा उन्हात तापून ते पातळ होतं, इंजिन छान चाललं, मीठ पोचलं. परतताना तो रानात मुक्कामाला थांबला. सकाळी हॅंडल मारलं तर ते दगडासारखं जड. थंडीने जड झालं असेल, असं त्याला वाटलं. खालचं तेल गोठलंय हे ध्यानात आलं नाही. इंजिन चालू झालं आणि कोसभरात आतून ठकठक सुरू झाली.

“तेल गोठते हे तुले मालूम नोहतं?” बाईंनी विचारलं.

“मडक्यातलं मालूम होतं,” तो म्हणाला.

मी त्याला तिथेच शब्द दिला, की ही गोष्ट त्याच्या नावाने कुठे सांगणार नाही. म्हणून इथेही कुणाचं नाव नाही.

मला वाटलं, बाई आता हॅंडल देतील. त्यांनी दिलं नाही. त्या व्यापारी होत्या. भोक दिसलं, तेल दिसलं, मधली गोष्ट ड्रायव्हरच्या तोंडची होती. “ते गाव म्या डोळ्यानं पाहीन,” त्या म्हणाल्या. “पण लॉरी उठली पाहिजे आधी.”

लॉरी उठणं क्रँकवर होतं. क्रँक म्हणजे इंजिनाचा कणा. बेअरिंग वितळलं तेव्हा त्या उष्णतेने त्याला तडा गेला असला तर सगळं भंगार, आणि लॉरीच नसली तर ड्रायव्हर निर्दोष ठरून तरी काय करणार होता? मी क्रँक दोरीने आढ्याला टांगला आणि पितळी हातोडीने ठोकला. देवळातल्या घंटेसारखा वाजला. तडकलेला थड असा बोलतो. पण नुसत्या कानावर मी निवाडा देत नसे. क्रँक घासलेटमध्ये बुडवून ठेवला, नंतर कोरडा पुसला आणि वर चुन्याची भुकटी चोळली. तडा असला तर आत शिरलेलं घासलेट चुन्यावर ओली रेघ काढतं.

तिसऱ्या जागी रेघ उठली.

ड्रायव्हरने ती माझ्याबरोबरच पाहिली. बाईंनीही. मी रेघ भिंगातून पाहिली. तडा जातो तो वाकडातिकडा जातो, ही सरळ होती, फिरणाऱ्या धातूने ओढलेला ओरखडा असावा तशी. “तडा नाई,” मी म्हणालो. बारीक पॉलिश कागदाची पट्टी घेऊन, हात जपून, मी तेवढी जागा घासत बसलो. मग पुन्हा घासलेट, पुन्हा पुसणं, पुन्हा चुना. आम्ही तिघं त्या पांढऱ्या चुन्याकडे बघत बसलो. तो पांढराच राहिला. क्रँक उचलून मी ताडपत्रीच्या उजव्या बाजूला ठेवला आणि मला इतका आनंद झाला, की मी सगळ्यांना चहा सांगितला. मी चहा सांगण्यातला नव्हतो.

त्यापुढचं काम माझ्या हातातलं होतं. रॉडमध्ये पांढरा धातू नव्याने ओतला. क्रँकला काजळ लावून रॉड त्यावर बसवायचा, फिरवायचा, काढायचा. जिथे काळं लागलं तिथे बेअरिंग उंच, तेवढंच तासायचं. सगळीकडे सारखं काळं लागेपर्यंत हे चालतं. काजळ बाईंनी घरून आणून दिलं आणि घाई केली नाही. भोकावर मी पत्रा जोडून घेतला. खुंटी मात्र भंगारात टाकवेना, ती खिळ्याला टांगली. इंजिन बसवून झालं तेव्हा चालू करायला मी माझ्या गॅरेजचं हॅंडल वापरलं. पहिल्या फेरीला ते खोकलं, दुसऱ्या फेरीला लागलं. ड्रायव्हरने बॉनेटवर हात ठेवला आणि डोळे पुसले. लाजला नाही.

मोह गळायला लागला त्या दिवसांत आम्ही निघालो. लॉरीत मीठ होतं, बाईंनी घेतलेला तिळाच्या तेलाचा डबा होता आणि मी होतो. माझं बेअरिंग पहिल्या खेपेला मी दुसऱ्याच्या कानावर सोडत नाही. बाई मध्ये बसल्या होत्या, हॅंडल मांडीवर. वाटेत लॉरी थांबली की ड्रायव्हर खाली उतरून हात पुढे करायचा आणि बाई हॅंडल द्यायच्या. इंजिन लागलं की परत घ्यायच्या. मला ते बघवत नव्हतं आणि मी एकदा तसं म्हणालोही. “तुमी इंजिनचं पाहा,” बाई म्हणाल्या.

गाव आलं. सावलीत लॉरी उभी केली, इंजिन बंद केलं. मोहफुलांच्या टोपल्या तिथेच ठेवून बाया जमल्या. बाईंनी कुणाला काही विचारलं नाही. डब्याचं झाकण उघडलं आणि माप हातात घेऊन उभ्या राहिल्या. बाया आपसांत बोलल्या, मग एकेक जण भांडं आणायला घरी गेली. कुणाचं मडकं, कुणाचा भोपळा. ड्रायव्हरने सांगितलं होतं तेच सगळं उलट्या दिशेने येत होतं. बाई माप भरून ओतत होत्या आणि त्यांचा चेहरा हळूहळू बदलत होता.

एक म्हातारी भांडं न घेताच आली. तिने बॉनेटवर तळहात टेकला. ते गरम होतं, तरी हात काढला नाही. तिच्या बोलीत तिने ड्रायव्हरला काहीतरी विचारलं आणि तो माझ्याकडे बघायला लागला.

“काय म्हणते?” मी विचारलं.

“म्हणते, आमचं तेल अजून हाय का आत?”

मी धुऊन, पुसून, तारेने टोकरून काढलेली प्रत्येक नळी माझ्या डोळ्यांसमोर आली. मग तो सोनेरी थर आठवला, जो निघाला नव्हता आणि निघणारही नव्हता.

“हाय,” मी म्हणालो. “सांग तिले. इंजिन आहे तोवर राहीन.”

त्याने सांगितलं. म्हातारीने मान हलवली, जसं काही हे तिला ठाऊकच होतं, आणि ती आपल्या टोपलीकडे परत गेली.

बाईंनी डब्याचं झाकण लावलं. लॉरीजवळ आल्या, ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि हॅंडल त्याच्या सीटखाली, जिथून काढलं होतं तिथे, हाताने आत सरकवून ठेवलं.

“आता मले मागू नोको,” त्या म्हणाल्या आणि चढून आपल्या जागेवर बसल्या.